एस्सेलवर्ल्डच्या सहलींचे जुने फोटो, निगेटिव्ह आणि कॅसेट डिजिटल करायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

मोगरी

नमस्कार मंडळी,

एस्सेलवर्ल्ड आणि वॉटर किंगडमला सगळं घर मिळून जायचं, त्या सहलींचं सामान एका खोक्यात साठलेलं आहे. एस्सेलवर्ल्ड आता बंद झालंय, म्हणजे आजी-आजोबांसकट सगळ्यांना पुन्हा तिथं उभं करून फोटो काढता येणार नाही. जे आहे ते एवढंच, आणि ते नीट टिकवायचं आहे.

खोक्यात चिकट पानांचे दोन अल्बम आहेत, ज्यात पानावर पारदर्शक कागद असतो तसले. काही प्रिंट साडेतीन बाय पाच इंची, काही चार बाय सहा, आणि बरेच तांबूस पडलेत. स्टुडिओच्या पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या आहेत, काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग. एक मोठा ग्रुप फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. दोन मोठ्या व्हीएचएस कॅसेट आणि चार छोट्या हँडीकॅमच्या. अमेरिकेतल्या मामांनी पाठवलेली डिस्ने वर्ल्डची एक व्हीएचएसही आहे. ती इथल्या व्हीसीआरवर कृष्णधवल दिसते आणि चित्र वर-खाली पळत राहतं. शिवाय तिकिटं.

आजीसाठी यातून एक छापील पुस्तक करायचं आहे. कशाला आधी हात घालू? किती डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके? घरी जमेल का दुकानात द्यावं? कुठला फोटो कुठल्या सालचा हे कसं ओळखायचं?

चंदेरी_पट्टी

मोगरीताई, आधी क्रम ठरवा. हाताशी असतात म्हणून लोक प्रिंटपासून सुरू करतात. खरं तर जे सगळ्यात आधी हातचं जाईल ते आधी घ्यायला हवं. आजीच्या आठवणी पहिल्या, मग कॅसेट, मग बुरशी लागलेल्या निगेटिव्ह, आणि शेवटी प्रिंट. तांबूस पडलेला प्रिंट आणखी वर्षभर थांबला तर फार बिघडत नाही. कॅसेटचं तसं नाही. टेप टिकली तरी ती वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चाललेत. कॅसेटचं जाणकार सांगतीलच, मी फिल्मचं सांगतो.

ज्या फोटोची निगेटिव्ह आहे त्याचा प्रिंट स्कॅन करत बसू नका. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ३:२. साडेतीन बाय पाच इंची प्रिंटचं प्रमाण त्याहून आखूड असतं, त्यामुळे लांबीच्या टोकांचा थोडा भाग छापताना गेलेलाच असतो. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली आत्या प्रिंटमध्ये अर्धी दिसते ती निगेटिव्हवर बहुधा पूर्ण सापडते. दुसरं म्हणजे उन्हातल्या फोटोत प्रिंटवरचं आकाश आणि पांढरे सदरे कोरे पांढरे दिसतात, पण निगेटिव्हवर तिथला तपशील शिल्लक असतो. आणि अंधारात राहिल्यामुळे तिचे रंगही प्रिंटपेक्षा चांगले टिकलेले असतात.

स्कॅनर पारदर्शक फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला हवा. एप्सन व्ही६०० हा घरगुती कामाला पुरेसा. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्याच्या आसपासही तपशील मिळत नाही, फाइल मात्र प्रचंड होते. ३२०० डीपीआय ठेवा. त्यात साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, आणि १६ बिट टिफ (दर्जा न घटवणारी मोठी फाइल) केली तर एक फ्रेम ८० एमबीच्या आसपास जाते. त्या काळात घराघरांत असलेल्या कोडॅक केबी-१० सारख्या फिक्स फोकस कॅमेऱ्याच्या भिंगातून त्याहून जास्त काही फिल्मवर उतरलेलंच नसतं. स्कॅन करताना 'शार्पनिंग' आणि 'ऑटो कलर' बंद करा; जे काही सुधारायचं ते नंतर प्रतीवर. 'डिजिटल आइस' मात्र सुरू ठेवा. ते इन्फ्रारेड किरणांनी धूळ आणि ओरखडे ओळखून पुसतं. वेळ बराच जास्त लागतो, पण रंगीत निगेटिव्हवर चांगलं चालतं. जुन्या चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर ते वापरू नका, तिथे चांदीलाच धूळ समजून चित्र खराब करतं.

पट्टी कडेला धरा, नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि तोंडाने फुंकर न मारता रबरी ब्लोअरने धूळ उडवा. चकचकीत बाजू म्हणजे बेस, मंद बाजू म्हणजे चित्राचा थर. काठावरची अक्षरं सरळ वाचता आली तर तुमच्याकडे बेसची बाजू आहे. स्कॅन झाल्यावर पार्कच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर पट्टी पालथी बसली आहे. पट्टी गुंडाळत असेल तर स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस ठेवा.

जाळ्यासारखे डाग म्हणजे बुरशी. तिला पाणी लावू नका. बुरशी जिलेटिनचा थर खाते आणि तो थर पाण्यात विरघळण्याजोगा होतो. ओलं फडकं फिरवलं की चित्रच पुसून येतं. आधी त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा. सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात काही दिवस कोरड्या होऊ द्या. मग बाहेर मोकळ्या हवेत, मास्क लावून, मऊ ब्रशने वरची भुकटी झटका. उरलेल्या डागांसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरच्या कापडावर थोडंसं घेऊन अलगद फिरवा. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. बुरशीने थर खाल्लेला असेल तर ती रेघ राहणारच. ती स्कॅनमध्ये दुरुस्त करायची.

पावसाळा संपल्यावर कपड्यांसारखी फोटोंनाही उन्हं दाखवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती सोडा. उन्हाने फिल्म वाकते आणि रंग उडतात. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ३५ ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे; ६५ च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. सिलिकाचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात.

फिरती_चकती

कॅसेटचं मी सांगते.

यंत्रात काहीही घालण्याआधी रेकॉर्डिंगचं कुलूप लावा. व्हीएचएसच्या लेबलाच्या अरुंद बाजूवरची प्लास्टिकची छोटी टिकली तोडायची, छोट्या कॅसेटची सरकती कळ बंद बाजूला न्यायची. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर आख्खी सहल पुसली जाते, आणि ती परत आणायचा काही उपाय नाही.

छोट्या कॅसेट कुठल्या ते मोजून ओळखा. साधारण ९२ बाय ५८ मिमी आणि २० मिमी जाड असेल तर व्हीएचएस-सी. ९५ बाय ६२ आणि १५ मिमी जाड असेल तर ८ मिमी, म्हणजे व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८. अगदी लहान, ६५ बाय ४८, ती मिनी डीव्ही. व्हीएचएस-सी साठी मोठ्या कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, त्यात बहुधा एक पेन्सिल सेल लागतो. ८ मिमीसाठी असा अडॅप्टर अस्तित्वातच नाही. तसं सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नका, आणि ती कॅसेट व्हीएचएसच्या अडॅप्टरमध्ये कोंबूही नका. तिला त्याच जातीचा कॅमेरा किंवा प्लेअरच लागतो. सोनीच्या डिजिटल-८ हँडीकॅमपैकी काही मॉडेल जुनी हाय-८ आणि व्हिडिओ-८ टेपही वाजवतात आणि फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीतून सरळ डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइल देतात. ही सगळ्यात सोपी वाट. पण सगळी मॉडेल हे करत नाहीत, त्यामुळे जुना कॅमेरा घेण्याआधी त्याचं मॅन्युअल वाचा. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. डेस्कटॉपमध्ये त्याचं कार्ड बसवावं लागतं. त्या कॅमेऱ्यांच्या यूएसबी पोर्टातून पूर्ण दर्जाचा व्हिडिओ येत नाही, तो मोह टाळा.

टॉर्च धरून कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा. टेपच्या कडांवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी, आणि ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. एक बुरशीची कॅसेट व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब करते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती साफ करणाऱ्याकडेच द्या.

चांगल्या कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप सैल होते. व्हीसीआर बरीच वर्षं बंद असेल तर पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घाला. रबरी पट्टे सैल झाले असतील तर यंत्र टेप गिळतं. हेड साफ करायला कापसाची काडी वापरू नका, तंतू हेडच्या टोकात अडकून ते मोडतं. साधा कागद किंवा शॅमॉय चामडं आयसोप्रोपिलमध्ये भिजवून हेड बसवलेल्या गोल ड्रमला अलगद टेकवा आणि ड्रम हाताने गोल फिरवा. कापड वर-खाली हलवायचं नाही.

आता संगणकात घ्यायचं. व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्ट्यांचा मुख्य दोष म्हणजे टेपचा वेग जरा हलला की त्या फ्रेम गाळतात. मग तासाभरात आवाज आणि चित्र जुळेनासं होतं. चालत्या राइडमध्ये हातात धरून काढलेल्या चित्रणात आणि लाँग-प्ले, म्हणजे कमी वेगात भरलेल्या टेपमध्ये हे हमखास होतं. उपाय म्हणजे व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डाच्या (चित्र संगणकात घेणाऱ्या साधनाच्या) मधे सिग्नल स्थिर करणारं काहीतरी बसवणं. पॅनासॉनिकचे जुने डीव्हीडी रेकॉर्डर, विशेषतः ईएस-१० आणि ईएस-१५, यासाठी प्रसिद्ध आहेत: टेपचा सिग्नल त्यांच्यातून नुसता पार केला तरी वाकड्या कडा सरळ होतात. हाय-८ साठी पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची वायर वापरा, रंग स्वच्छ येतात.

आपल्याकडची टेप पाल पद्धतीची, म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची. म्हणजे सेकंदाला ५० क्षण. डीव्ही फाइल तासाला सुमारे १३ जीबी होते. ती मूळ प्रत तशीच ठेवा. बघण्यासाठीची प्रत वेगळी बनवा, आणि तीत ५० च्या ५० क्षण ठेवा. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधला 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर किंवा क्यूटीजीएमसी ही स्क्रिप्ट हे काम नीट करतात. २५ केले तर रोलर कोस्टरची धाव तुटक दिसते. अर्ध्या चित्रांचा क्रम चुकला तर गाडी दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरते. डीव्हीत खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधी असतं, बऱ्याच अॅनालॉग कॅप्चर कार्डांत वरच्या ओळींचं. उतारावर धावणाऱ्या गाडीचा एक तुकडा काढून तपासा, चूक लगेच दिसते.

आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा. टीव्ही भरावा म्हणून ताणलं की सगळं घर जाडजूड दिसतं.

मामांची कॅसेट खराब नाही. अमेरिकेतली टेप एनटीएससी पद्धतीची असते, ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपला नुसत्या पालचा व्हीसीआर तिला समजू शकत नाही. दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर शोधा. काही पाल व्हीसीआरवर 'एनटीएससी प्लेबॅक' असं लिहिलेलं असतं. ते टीव्हीवर ठीक दिसतं, पण अर्धवट मिश्र सिग्नल देतं आणि बहुतेक कॅप्चर कार्डं त्यावर अडखळतात. खरा एनटीएससी सिग्नल बाहेर देणारं यंत्रच हवं.

मोगरी

दोघांचेही खूप आभार. घरात कॅननचा पातळ लाइड स्कॅनर आहे. प्रिंट त्यावर चालतील का? आणि अल्बममधून फोटो काढताना पान फाटतंय. काचेला चिकटलेल्याचं काय?

चंदेरी_पट्टी

सपाट प्रिंटसाठी लाइड चालेल. ६०० डीपीआय ठेवा. चार बाय सहाचा प्रिंट २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो आणि पुस्तकात दुप्पट मोठा छापला तरी पुरतो. त्यापुढे फक्त कागदाचा पोत मोठा होतो. खडबडीत, मधाच्या पोळ्यासारख्या पोताच्या कागदावरचे प्रिंट असतील तर स्कॅनरमध्ये चमकणारे ठिपके येतात. ते प्रिंट खिडकीच्या मऊ उजेडात कॅमेऱ्याने टिपलेले बरे.

काचेला चिकटलेला फोटो मात्र लाइडवर नको. त्या जातीच्या स्कॅनरचा फोकस बरोबर स्वतःच्या काचेवर असतो, दोन-तीन मिलीमीटर वर गेलं की धूसर. व्ही६०० सारख्या सीसीडी (भिंगातून टिपणाऱ्या) स्कॅनरला थोडी खोली मिळते. फ्रेमचं लाकूड आणि मागचा पुठ्ठा काढा, फोटो आणि काच एकत्रच राहू द्या, फ्रेमच्या काचेची बाहेरची बाजू आणि स्कॅनरची काच स्वच्छ पुसा आणि काचेतूनच स्कॅन करा. फोटो ओढू नका. जिलेटिन काचेला धरून बसलेलं असतं, ओढलं की चेहरे काचेवर राहतात आणि कागद हातात येतो. स्कॅन झाल्यावर तो तसाच काचेसकट जपा, आणि दुसऱ्या फ्रेममध्ये घालताना काच व फोटो यांच्यात कडेने पुठ्ठ्याची चौकट ठेवा. हे घरातल्या सगळ्याच फ्रेमसाठी.

चिकट अल्बममधलं एकही पान उचकटण्याआधी पूर्ण पानाचा फोटो घ्या. कुठला फोटो कुठल्या शेजारी लावला होता हीसुद्धा माहितीच आहे. कोणीतरी बसून विचार करून तो क्रम लावला होता. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस एका कोपऱ्यात फोटोमागे सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत न्या. फोटो वाकवू नका, पान वाकवा. अडलं तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायरची मंद ऊब अर्धा मिनिट द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही सुटत नसेल तर फोटोभोवतीचं पान कटरने कापून तेवढा तुकडा मागे तसाच राहू द्या. मागे गोंद उरतो, तो एकमेकांना चिकटू नये म्हणून बेकिंगचा पार्चमेंट कागद मधे घाला. नवा अल्बम घेताना पीव्हीसीच्या खिशांचा घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर लिहिलेला बघा.

तांबूसपणा म्हणजे निळसर-हिरवा रंग उडून लाल उरलाय. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स' उघडून लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही वाहिन्यांची टोकं वेगवेगळी सरकवा, आलेख जिथे सुरू होतो आणि संपतो तिथपर्यंत. निम्मं काम एवढ्यातच होतं. व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात 'रिस्टोअर फेडिंग'ची खूण आहे.

एक कळकळीची विनंती. चेहरे 'स्पष्ट' करून देणारी एआय अॅप या फोटोंवर चालवू नका. नाकडोळे नसलेल्या जागी ती नवे नाकडोळे भरतात. आजोबांचा धूसर चेहरा आजोबांचाच असतो. अॅपमधून निघालेला देखणा म्हातारा दुसराच कोणीतरी असतो, आणि पुढच्या पिढीला हा फरक कधीच कळणार नाही. ओरखडे, डाग, रंग यांपर्यंतच थांबा.

पेटीतला_कागद

साल ओळखण्याबद्दल. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, वॉटर किंगडम १९९८ मध्ये. म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या आणि ट्यूब दिसत असलेला वॉटर किंगडमचा फोटो १९९८ च्या आधीचा असू शकत नाही. त्यानंतरचं मोठं मोजमाप म्हणजे घरातली मुलं. सगळ्या भावंडांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा आणि कडेवरचं बाळ कोण हे ठरवा. साल एका वर्षाच्या आत येतं. फोटोत अप्पूघर असेल तर घाईने दिल्ली लिहू नका. दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये बंद झालं, पण निगडीलाही अप्पूघर आहे, आणि पुणे-पिंपरीकडच्या घरांतले बरेच फोटो तिथले असतात.

फोटोवर छापून आलेल्या केशरी तारखेवर विसंबू नका. सेल बदलला की त्या कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जायचं आणि कोणी ते पुन्हा लावत नसे. निगेटिव्हच्या काठावरचे फ्रेम क्रमांक मात्र बहुधा खोटं बोलत नाहीत. मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरची बोट ३ नंबरला, प्रवेशद्वार ५ ला, डॉजमच्या (एकमेकांना धडकायच्या) गाड्या १४ ला, परतीची बोट ३२ ला असा दिवस सलग उलगडतो. बऱ्याच प्रिंटच्या मागे लॅबने बारीक अक्षरांत छापलेला क्रमांकही त्याच फ्रेमचा असतो, त्यामुळे सुटे प्रिंट रोलला जोडता येतात. म्हणून प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करा, विशेषतः तिथे कोणाचं हस्ताक्षर असेल तर.

आता आजीच्या आठवणींचं, जे वर पहिल्या क्रमावर ठेवलंय. त्यासाठी स्कॅन पूर्ण व्हायची वाट बघू नका. मोबाइलने काढलेले कच्चे फोटोही चालतील, पण आजीला मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नका. पाच-सहा फोटो ए-४ कागदावर मोठे छापून हातात द्या. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा: पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि टेबलाऐवजी घडी केलेल्या टॉवेलवर, नाहीतर प्रत्येक हालचालीची ठकठक येते. सुरुवातीला तारीख बोला, आणि प्रत्येक फोटोआधी त्याचा क्रमांक मोठ्याने उच्चारा, म्हणजे नंतर जुळवता येईल. एका बैठकीला अर्धा तास पुरे.

'आठवतंय का?' असं विचारलं की 'हो' किंवा 'नाही' एवढंच मिळतं. डब्यात काय नेलं होतं? बोटीत चढताना कोणाला धरावं लागलं? पाळण्यात बसायला कोण तयार नव्हतं, आणि मग त्याच्याजवळ पिशव्या घेऊन कोण थांबलं? फोटो कोण काढत होतं? हा शेवटचा प्रश्न प्रत्येक सहलीसाठी विचाराच, कारण फोटो काढणारा माणूस अल्बमभर कुठेच दिसत नाही आणि सगळ्यात आधी विसरला जातो. आजीने साल चुकीचं सांगितलं तरी मधेच दुरुस्त करू नका. आत्या वेगळं सांगत असेल तर दोन्ही नोंदवा.

माहिती फाइलच्या नावात नव्हे, फाइलच्या पोटात लिहा. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर फोटोच्या 'कॅप्शन' रकान्यात मराठीत लिहू देतं आणि ते फाइलबरोबर प्रवास करतं. नाव छोटं ठेवा: वर्ष, महिना, ठिकाण, रोल, फ्रेम, आणि आकडे इंग्रजी, म्हणजे क्रमाने लागतात. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि आतली माहितीही गळते.

तिकिटांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने छापली जाणारी थर्मल तिकिटं लॅमिनेशनच्या गरम रुळांत काळी पडतात. साध्या कागदाची तिकिटंही कायमची गोंदात अडकतात. ६०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करून पॉलिएस्टरच्या खिशात अंधारात ठेवा.

जोडाक्षर

पुस्तकाबद्दल थोडं. ऑनलाइन फोटोबुकच्या संपादकात थेट मराठी टाइप केलं तर पडद्यावर ठीक दिसतं, पण छापताना कधीकधी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. इंकस्केप किंवा लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड फॉन्टने ओळी लिहा आणि ३०० डीपीआयच्या पारदर्शक पीएनजी करून चित्रासारख्या बसवा. पूर्ण पानं स्वतः करणार असाल तर पीडीएफ द्या आणि अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करा. आजीसाठी १६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि फोटोवर अक्षरं छापू नका, शेजारी कोऱ्या जागेवर छापा.

कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड पडला की वयस्कर डोळ्यांना चेहरे दिसत नाहीत. पूर्ण सपाट उघडणारी बांधणी परवडत नसेल तर मधल्या शिवणीजवळ दोन सेंटीमीटर मोकळे सोडा. ग्रुप फोटो दोन पानांवर पसरला तर मधला माणूस शिवणीत जातो, आणि मधोमध बहुधा आजोबाच असतात. कडेला ३ मिमी कापायला जास्तीचे द्या. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच ठेवा. पूर्ण पुस्तकाआधी त्याच दुकानातून दोन पानं छापून बघा, जुने फोटो कागदावर पडद्यापेक्षा काळपट येतात.

पानांचा क्रम सालांप्रमाणे न लावता दिवसाप्रमाणे लावून बघा. सगळ्या वर्षांच्या बोटी एकत्र, सगळी प्रवेशद्वारं एकत्र, मग राइड, मग जेवण. त्याच दारात त्याच माणसांची वाढत गेलेली वयं शेजारी-शेजारी दिसतात. माझ्या मते अशा पुस्तकाला यापेक्षा चांगली मांडणी नाही.

मोगरी

दिवसाप्रमाणे मांडायची कल्पना फारच आवडली! निगेटिव्ह घरी करते, व्हीएचएस आणि छोट्या कॅसेट दुकानात द्याव्यात असं वाटतंय. देताना काय विचारू?

फिरती_चकती

पहिलं हे विचारा की फाइल कुठली देणार. 'डीव्हीडी करून देतो' म्हणाले तर नको, त्यात चित्र आणखी दाबलं जातं. डीव्ही एव्हीआय किंवा विनाघट (लॉसलेस) फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर मागा, डिस्क तुम्हीच नेऊन द्या. ५० क्षण राखणार का, मूळ ४:३ ठेवणार का, वरून संगीत, फुलं, शीर्षकं घालणार नाही ना, हे लिहून घ्या. काहीजण आवाज खराब म्हणून त्यावर गाणं टाकून देतात, आणि मग राइडवरच्या किंकाळ्यांतला आजोबांचा आवाज गेला. बुरशीच्या कॅसेट ते स्वतः साफ करतात का आणि कशा, तेही विचारा. उत्तर गोलमाल वाटलं तर ती कॅसेट परत आणा. सगळ्या एकदम देऊ नका. सगळ्यात कमी महत्त्वाची आधी द्या आणि फाइल आल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत आवाज ओठांशी जुळतोय का बघा.

फाइल मिळाल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरताच. खोक्यात २००० नंतरच्या सीडी किंवा डीव्हीडी निघाल्या तर त्या आजच कॉपी करा. घरी भरलेल्या तबकड्यांचा रंगाचा थर दमट हवेत टेपच्याही आधी जातो. वाचताना अडकली तर पुन्हा पुन्हा कॉपी करत बसू नका, डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते आधी वाचता येणारा भाग उचलतं आणि मग खराब जागांकडे वळतं. रेकॉर्डरवर भरलेली डीव्हीडी संगणकात कोरी दिसली तर फेकू नका. बहुधा ती 'फायनलाइज' (दुसऱ्या यंत्रांत चालावी म्हणून शेवटी पक्की) केलेली नसते आणि ज्या रेकॉर्डरवर भरली त्यातच उघडते.

कॅसेट मात्र डिजिटल झाल्यावरही टाकू नका. पूर्ण मागे फिरवून, उभ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.